बठ्ठं बेस शे

खानदेशातल्या चोपड्याचा पिनकोड 425107 आणि सुरतेतल्या कोसाडचा 394107. शेवटचे तीन आकडे सारखेच. आमच्या घरातल्या कुठल्याही भावंडाला झोपेतून उठवून विचारा, दोन्ही आकडे न अडखळता सांगेल. पहिला आकडा 4 असला की पत्र महाराष्ट्राच्या बाजूला, 3 असला की गुजरातच्या. 15 ऑगस्ट 1972ला ही पद्धत सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा मनापासून आनंद झाला. देशात एकाच नावाची कितीतरी गावं, पत्ता लिहिणाऱ्यांच्या भाषा वेगळ्या, लिप्या वेगळ्या, अक्षर कसंही. त्यातून सहा आकड्यांनी वाट काढली. आमच्या आबांना लिहिता येत नव्हतं, पण पत्त्याखालचे सहा आकडे ते स्वतःच्या हाताने काढायचे. पत्र आमचं, आकडे त्यांचे.

आबा सत्तरच्या दशकात खानदेशातून सुरतेला आले, लूमवर कामाला. मागोमाग दोघे काका आले. अमळनेरला भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये बसायचं, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली करत उधन्याला उतरायचं, ही आमच्या सगळ्या गावाचीच वाट होती. कतारगामच्या बाजूला तापीच्या काठावर एका खोलीला दुसरी खोली जोडत आमचं घर झालं. तीन भावांची पोरं एका ताटात जेवली, एका गोधडीत झोपली. त्यामुळे मी ‘आम्ही’ म्हणते तेव्हा ते सगळे धरून म्हणते. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, आबांच्या कारखान्यात ओडिया कारागिरांशी तोडकीमोडकी हिंदी, आणि महानगरपालिकेच्या मराठी शाळेत पुस्तकातली मराठी. सुरत महानगरपालिका आजही गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू माध्यमाच्या शाळा चालवते. त्या शाळेने आम्हाला घरातलं एक पद दिलं: आम्ही घराचे लेखनिक झालो.

सुट्टीच्या दिवशी आबा भिंतीला टेकून बसायचे आणि अहिराणीत सांगायचे. आम्ही मराठीत लिहायचो. ‘बठ्ठं बेस शे म्हनी लिख,’ हे पहिलं वाक्य ठरलेलं. कागदावर त्याचं ‘इकडील सर्व क्षेमकुशल’ व्हायचं. त्याच्याआधी मायन्याची अक्षरं. आजोबांना ‘ती.’ आणि ‘शि. सा. न. वि. वि.’, धाकट्यांना ‘चि.’, आत्याला ‘सौ.’. या अक्षरांचे पूर्ण शब्द आम्हाला तेव्हा माहीत नव्हते, पण कोणाला काय लिहायचं यात कधी गफलत झाली नाही. गावाहून आलेल्या एका पत्रात मधल्या काकूच्या आईच्या नावामागे ‘सौ.’ऐवजी ‘गं. भा.’ लिहिलेलं होतं. पत्रात बाकी पाऊसपाण्याचा मजकूर. वाचणाऱ्या भावाने ते नाव वाचलं आणि काकूच्या हातातली परात खाली गेली. तिचे वडील गेले हे वेगळं सांगणारं पत्र टपालात मागे राहिलं होतं, ते दोन दिवसांनी आलं.

‘बठ्ठं बेस शे’ या वाक्याखाली काय काय झाकलं गेलं! एकदा आबांचं बोट लूममध्ये सापडलं होतं. एकदा दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. धाकट्या काकांना कावीळ झाली होती. प्रत्येक वेळी आम्ही तेच क्षेमकुशल लिहिलं. आणि तरी आजोबांना कळायचं. कसं, ते त्यांनी पुढे एका मे महिन्यात आम्हाला सांगितलं. ते पत्राआधी मनीऑर्डरचं कुपन बघायचे. मनीऑर्डर वेळेवर आली आणि कुपनावर दोन ओळी असल्या, तर खरंच बरं चाललंय. मनीऑर्डर वेळेवर आणि कुपन कोरं, तर पोरगा उसने काढून पाठवतोय, त्याला लिहायला तोंड नाही. आम्ही कोरं कुपन कोरंच समजत होतो. त्यांना त्यात सगळ्यात मोठी बातमी दिसायची.

15 पैशांचं पोस्टकार्ड उघडं असायचं, ही गोष्ट आज पोरांना सांगितली तर ती चकित होतात. सुरतेच्या डब्यात टाकल्यापासून आजोबांच्या हातात पडेपर्यंत ते किती जणांनी वाचलं असेल याला गणती नाही. गावचा पोस्टमन तर कार्ड देतानाच मजकूर सांगून टाकायचा, आणि आजोबांना वाचता येत नसल्यामुळे ते त्याचं कामच होतं. मृत्यूच्या बातमीचं कार्ड एका कोपऱ्यात फाडलेलं असायचं. ते वाचून झालं की घरात ठेवायचं नाही, लगेच फाडायचं. अशा पत्रावर वर ‘श्री’ नसायचं. म्हणजे निरक्षर माणसालाही कार्ड हातात घेतल्याबरोबर अर्धी बातमी कळे. उरलेली अर्धी, म्हणजे कोण गेलं, तेवढ्यासाठी वाचणारा शोधायचा.

तारेचं उलट. ती पाकिटात बंद, पण इंग्रजीत, शब्दागणिक पैसे मोजून. सणासुदीच्या तारांना तर आकडे होते. लग्नाच्या घरी ‘आठ’ म्हटलं की दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनाच्या शुभेच्छांचं पूर्ण वाक्य पलीकडच्या कार्यालयात उतरवलं जायचं. पण आमच्या घरी लग्नाची तार क्वचितच आली. आली ती ‘सिरियस, स्टार्ट’ अशीच. गल्लीतले गुजराती मास्तर चष्मा लावून वाचायचे आणि आबांकडे बघायचे. सिरियस म्हणजे माणूस गेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रवासाला निघणाऱ्याचे पाय लटपटू नयेत म्हणून पाठवणारा ‘सिरियस’ लिहायचा, आणि घेणारा ते वाचून रडायचा. खोटं कोणीच बोलत नव्हतं. फक्त एकदा, आजोबांच्या वेळी, सिरियसचा अर्थ खरोखरच सिरियस निघाला. आम्ही बैलगाडीतून रडत गावात शिरलो, तर आजोबा ओट्यावर उशीला टेकून पेज पीत होते. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. देशातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली तेव्हा आबांनी बातमी ऐकून एवढंच विचारलं, ‘मग आता लोक कसं सांगतील?’

मोठ्यांची पत्रं लिहिता लिहिता आम्हाला आपलीही गुपितं हवीशी वाटू लागली. बोलण्यात ‘च’ची भाषा होतीच, मराठीचं ‘चराठीम’ करत आम्ही तासन् तास बोलायचो. पण लिहायचं कसं? सुट्टीत काही भावंडं गावाला, काही सुरतेत. पोस्टकार्ड तर सगळ्या गावाने वाचायचं. तेव्हा मोठ्या भावाला सुचलं की भाषा अहिराणी ठेवायची आणि अक्षरं गुजराती. डोक्यावरची रेघ नसलेली ती अक्षरं गावच्या पोस्टमनला लागेनात. ‘सुरतेचं पत्र आहे, तिकडच्या भाषेत आहे,’ म्हणून तो मुकाट्याने कार्ड देऊन जायचा. कुठल्या आंब्याच्या झाडाखाली काय पुरलंय, कोणाला शाळेत मार बसला, काकांनी कोणाला न सांगता सिनेमा कसा दाखवला, असा तो मजकूर. त्यातलं एक कार्ड मामांच्या हाती लागलं.

मामा महानुभाव पंथाचे. आमच्याकडे असे लोक पुष्कळ आहेत. भेटले की ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात. मामांनी कार्ड उलटसुलट केलं आणि रागावण्याऐवजी आम्हाला जवळ बसवलं. ‘हे तुम्ही आज काढलंत. आपल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी काढलं होतं,’ असं म्हणून त्यांनी जे सांगितलं, ते आमच्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही.

महानुभावांचे श्रीचक्रधर स्वामी मूळ गुजरातचे, भडोचचे. कोसाडच्या स्टेशनातून उत्तरेला गाडीत बसलं की पुढे तेच भडोच लागतं. ते महाराष्ट्रात आले आणि लोकांशी मराठीत बोलले. आम्ही नेमके उलट्या वाटेने आलो, याचं मामांना फार अप्रूप होतं. स्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी 1278च्या सुमारास गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. मराठी गद्याची मोठी परंपरा इथून धरतात. पुढे पंथाच्या लोकांनी आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सांकेतिक लिप्यांत उतरवून ठेवले. सकळ लिपी, सुंदरी लिपी, अशा कितीतरी. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरंच चिन्ह यायचं. ज्याला गुरूकडून किल्ली मिळाली त्याला सरळ मराठी, बाकीच्यांना नुसत्या खुणा.

त्या लिप्यांनी ग्रंथ राखले, यात शंका नाही. मठांच्या पेट्यांत ते शतकानुशतकं सुखरूप राहिले. पण उरलेल्या महाराष्ट्राला ते असून नसल्यासारखे झाले. आपल्या भाषेचा इतका जुना, इतका जिवंत गद्यग्रंथ मराठी माणसाला वाचता येत नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली, तेव्हा कुठे पंथाबाहेरच्या अभ्यासकांना ती दारं उघडली. मामा हे सांगताना थांबले आणि म्हणाले, ‘कुलूप घालताना किल्ली कोणाकडे राहणार हे आधी ठरवायचं रे पोरांनो.’ आम्ही त्याच संध्याकाळी आमच्या गुजराती अक्षरांची तोड मामांना लिहून दिली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली.

आता आत्याची गोष्ट. ती सांगावी की नाही याचा घरात बराच विचार झाला, आणि आत्यानेच सांग म्हटलं.

आत्याचं लग्न चोपड्याच्या अलीकडच्या एका गावात झालं. तिला अक्षरओळख नव्हती. तिची पत्रं सासरचा एक पुतण्या लिहायचा, सासूसमोर बसून. आमची पत्रं तोच वाचून दाखवायचा. म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक शब्द दुसऱ्याच्या तोंडातून. लग्नाच्या आधल्या रात्री आजीने तिला चुलीपाशी बसवून एक गोष्ट ठरवून दिली. सगळं ठीक असेल तर काहीही लिहून पाठव. जीव नकोसा झाला तर पत्रात विचार, ‘लाल गाय व्याली का?’ सुरतेच्या त्या दोन खोल्यांत आमच्याकडे कुठली गाय! पण सासरच्यांना ते कसं कळणार? माहेरच्या गायीची चौकशी कुठलीही लेक करते.

वर्ष-दीड वर्ष गेलं. एका संध्याकाळी कार्ड आलं आणि वाचायची पाळी माझी होती. पाऊस, कापूस, नणंदेचं लग्न, आणि शेवटी, ‘लाल गाय व्याली का ते कळवावे.’ आम्ही पोरं हसायला लागलो. आबा हसले नाहीत. त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, तेच वाक्य पुन्हा वाचायला लावलं, उठून सदरा घातला आणि रात्रीच्या गाडीने गेले. तिसऱ्या दिवशी आत्या आमच्या घरात होती. आठ महिने राहिली. मग दोन्ही घरची वडीलधारी माणसं बसली, काही गोष्टी ठरल्या, आणि ती स्वतःच्या मनाने परत गेली. त्या गावात पुढे तिचं म्हणणं चाललं.

कितीतरी वर्षांनी आमच्यातला एक भाऊ संगणकाचं शिकला, तेव्हा त्याला अभ्यासात एक कूट भेटलं. 1983 साली गुस्टाव्हस सिमन्स या अमेरिकी गणितज्ञाने मांडलेलं. दोन कैदी वेगळ्या कोठड्यांत आहेत, त्यांची प्रत्येक चिठ्ठी जेलर वाचतो, गुप्त लिपी दिसली तर चिठ्ठीच फाडतो. तर त्यांनी सुटकेचा बेत एकमेकांना कळवायचा कसा? भावाने आम्हाला ते वाचून दाखवलं आणि आम्ही सगळे एकदम आजीच्या फोटोकडे वळलो. महानुभावांच्या लिपीकडे बघताक्षणी कळतं की इथे काहीतरी लपवलंय. आजीच्या गायीकडे बघून तसं काहीच वाटत नाही. माझ्या मते आमच्या घरात घडलेलं सगळ्यात बुद्धिमान काम ते होतं, आणि ते करणाऱ्या बाईला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं.

1994च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि लाखो लोकांनी शहर सोडलं, तेव्हाचं एक सांगून पुढे जाते. गावाहून ‘या’ म्हणून तारेवर तार, आणि आम्ही गेलो तर वेशीवरच लोक थबकलेले. त्या आठवड्यांत सुरतेहून गेलेली पत्रं आमच्या गावात उघडण्याआधी उन्हात टाकत. मजकूर कोणी वाचत नव्हतं; सुरतेचा शिक्का तेवढा वाचला जात होता.

मोबाइल घरात आला तो मोठ्या भावाचा. फोन केला तर पैसे, म्हणून आम्ही न बोलता बोलायला शिकलो. एक रिंग: पोचलो. दोन रिंगा: तू फोन कर. नवापूरच्या आधी एक रिंग: आता हद्द ओलांडतोय, रोमिंग लागेल, यापुढे फोन करू नका. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. फलाटावर चार पावलं चाललं की फोनच्या दृष्टीने तेव्हा परमुलूख.

मग एसएमएस. त्यात 160 अक्षरं बसतात, हे सगळ्या पिढीला ठाऊक आहे. ही मर्यादा ठरवणाऱ्या फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने 1985च्या सुमारास टाइपरायटरवर साधीसुधी वाक्यं टंकून अक्षरं मोजली होती, आणि पोस्टकार्डांवरचा मजकूरही पाहिला होता; बहुतेक कार्डं दीडशे अक्षरांच्या आतच संपत. म्हणजे आमचं 15 पैशांचं कार्डच नव्या कपड्यांत परत आलं होतं. फक्त आमच्या अक्षरांना त्यात जागा कमी. इंग्रजी अक्षराला सात बिट लागतात, देवनागरीला सोळा. एसएमएसचा डबा 1,120 बिटांचा, त्यामुळे देवनागरीत 70 चिन्हंच मावत. त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जायचं. ‘द्राक्षं’ हा डोळ्यांना दोन अक्षरांचा शब्द, फोनला आठ चिन्हांचा. दुसऱ्या संदेशाचे पैसे द्यायला कोण तयार होणार? म्हणून आमच्या पिढीने आपली भाषा इंग्रजी अक्षरांत लिहायला घेतली. काल, काळ, कळ, तिन्ही एकच झाले. मला याचं दुःख आजही आहे. शाळेने परमुलखात आमचं जे ऱ्हस्व-दीर्घ घासून घेतलं, ते आम्ही काही पैशांसाठी सोडलं.

7 ऑगस्ट 2006. तापीला पूर येणार अशी कुजबुज दोन दिवस होती. उकाई धरणातून सोडलेलं पाणी वाढत वाढत नऊ लाख क्युसेकच्या पलीकडे गेलं आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. आमच्याकडे रोजची पद्धत अशी, की नळाला पाणी आलं की धाकटी बहीण मोठ्या भावाला कारखान्यात एसएमएस करायची: पाणी आलं. तो पाळी संपली की पिंपं भरायला यायचा. दुपारची पाळी असेल तर जमेल तेव्हा. त्या दिवशी नदी आमच्या उंबऱ्यावर आली. बहिणीचे हात कापत होते, तिने सवयीचेच दोन शब्द पाठवले: पाणी आलं. भावाने लूमच्या खडखडाटात फोन बघितला, खिशात ठेवला आणि पाळी संपवायला वळला. तो बाहेर पडला तोवर वाट बुडालेली होती. आम्ही शेजारच्या पक्क्या इमारतीच्या गच्चीवर चार दिवस काढले, हेलिकॉप्टरमधून पडलेली पाकिटं झेलली. फोनचे टॉवर बंद, बॅटऱ्या संपलेल्या. आम्ही जिवंत आहोत हे भावाला होडीवाल्या एका माणसाने जाऊन सांगितलं.

क्लॉड शॅननने 1948 साली संदेशवहनाचं सगळं गणित मांडलं, त्याच्या सुरुवातीलाच त्याने बजावून ठेवलं आहे की संदेशाचा अर्थ काय, हा अभियंत्याचा प्रश्न नाही. इकडून निघालेली चिन्हं तिकडे तशीच पोचली पाहिजेत, एवढीच त्याची जबाबदारी. त्या दिवशी एकही चिन्ह इकडचं तिकडे झालं नव्हतं. बहीण कितीतरी वर्षं स्वतःला दोष देत होती, भाऊ स्वतःला. दोघांचीही चूक नव्हती, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते. जे दोन शब्द रोज एकाच अर्थाने गेले, ते एका दिवसात दुसरा अर्थ कसा वाहतील?

पुरानंतर काही वर्षांनी आम्हाला कोसाडच्या आवासात घर मिळालं. तापीकाठच्या पुष्कळ वस्त्या इकडे आल्या. एकसारख्या इमारती, विभागाचं अक्षर, इमारतीचा आकडा, घराचा आकडा. नवा माणूस पहिल्यांदा हमखास चुकायचा. आबांनी नवा पिनकोड लिहायची सवय केली. पण पत्रं जवळजवळ थांबली होती. घराचा व्हॉट्सॲप गट झाला आणि त्याला नाव दिलं ‘बठ्ठा गोतावळा’.

एप्रिल 2016 मध्ये त्या गटात एक पिवळी पट्टी उमटली. संदेश आता दोन्ही टोकांपर्यंत कुलूपबंद आहेत, मधल्या कोणालाही, कंपनीलाही, वाचता येणार नाहीत, असं सांगणारी. काकांनी घाबरून विचारलं, आपल्यावर काही केस झाली का? संगणकवाल्या भावाने सगळ्यांना बसवून समजावलं. प्रत्येक फोन किल्ल्यांची जोडी बनवतो. एक सगळ्यांना वाटतो, एक स्वतःपाशी ठेवतो. दोन माणसं कधीही न भेटता, उघड्या रस्त्यावर बोलूनही आपसांतली गुप्त किल्ली ठरवू शकतात, हे डिफी आणि हेलमन यांनी 1976 साली दाखवून दिलं होतं. शिवाय प्रत्येक संदेशाला नवी किल्ली, जुनी लगेच टाकून द्यायची. या रीतीला डबल रॅचेट म्हणतात. इथे आबांनी मान वर केली. लूमवर विणलेलं कापड जिथे रुळावर गुंडाळलं जातं, तिथे दातेरी चाक असतं आणि त्याला अडवणारी खिट्टी असते. चाक दातादाताने पुढे सरकतं, मागे येत नाही. ‘म्हणजे ते चाक,’ आबा म्हणाले. होय, तेच. कोणी आजची किल्ली चोरली तरी कालचं कापड त्याला उलगडता येत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर त्या चाकापाशी उभं राहून एक कान गमावला, त्याला हे आमच्याआधी समजलं.

मला हे कुलूप मोलाचं वाटतं. पोस्टकार्डाच्या उघड्या दिवसांची आठवण कितीही गोड असली, तरी ते दिवस आत्यासारख्या बायकांना फार महाग पडले होते. आपलं बोलणं आपल्यापुरतं राहावं हा हक्क आमच्या घरातल्या कुठल्याच बाईला आधी नव्हता. मधल्या वाटेवर आता पोस्टमन वाचत नाही, पुतण्या वाचत नाही. कोण कोणाशी किती वाजता बोललं, एवढं मात्र मधल्याला अजूनही कळू शकतं.

त्याहून मोठी गोष्ट घडली ती बोलक्या संदेशांनी. आत्याच्या नातवाने तिला बटण दाबून धरायला शिकवलं. पहिला निरोप आला तेव्हा आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो. सत्तरीच्या आत्याने आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडून लिहून न घेता निरोप पाठवला होता, अहिराणीत, आपल्या आवाजात, मध्येच कोंबड्यांना हाकलत. शेवटी म्हणाली, ‘बठ्ठं बेस शे.’ आबांनी एक हात कानामागे धरून तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. ते शब्द उतरवून घ्यायला आता आमची गरज नव्हती, आणि त्याचा मला अभिमान वाटला.

आबा गेल्यावर त्यांच्या फोनला एक खूण काढल्याशिवाय आत जाता येईना. कुठली खूण, कोणालाच माहीत नाही. गटातले संदेश आमच्याकडे आहेत, पण आत्याने फक्त त्यांना पाठवलेले आणि त्यांनी फक्त तिला पाठवलेले निरोप त्या फोनमध्ये आहेत. आत्याचा जुना फोन पाण्यात पडला तेव्हा तिच्याकडचे गेले. भाऊ म्हणाला, हे मोडता येणारं नाही, आणि मोडता आलं असतं तर त्याला कुलूप म्हटलं नसतं. मला मामांच्या खिशातली ती घडी आठवली. तेव्हापासून घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनच्या खुणा बंद पाकिटात, एकेका भावंडाच्या कपाटात ठेवतो. कोणाचं पाकीट कोणाकडे हे त्या माणसाने स्वतः ठरवायचं.

गेल्या दिवाळीच्या आसपास आत्याचा एक निरोप आला. हवापाणी, कापसाचा भाव, सुनेचं दुखणं, आणि मग सहज, लाल गायीबद्दल. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. संदेश कुलूपबंद होता, वाटेत कोणी ऐकणारं नव्हतं, पण तिच्या खाटेशेजारी कोण बसलं होतं हे त्या कुलपाला कसं कळावं? दोघं भाऊ त्याच रात्री निघाले. शेताच्या कागदांवर अंगठा घेण्याची घाई चालली होती. ती थांबली.

आमच्यातल्या एका भावाची मुलगी आता लग्न होऊन बडोद्याला गेली आहे. चांगला जावई, चांगली माणसं. दोघं नवरा-बायको एकमेकांच्या फोनची खूण जाणतात, आणि आजकाल तसंच असतं. तरी जायच्या आधल्या रात्री आम्ही सगळ्या बायकांनी तिला कोसाडच्या घरात बसवून आजीची रीत सांगितली. तिने हसून विचारलं, ‘आत्या, आता याची काय गरज?’ मग तिने ते वाक्य दोनदा म्हणून पाठ केलं.

म्हणून एक सांगायला हवं. वर लिहिलेली लाल गाय आमची खरी खूण नाही. आत्याच्या परवानगीने मी ती इथे बदलून लिहिली आहे. खरं वाक्य अगदी वेगळं आहे, ते अजून वापरात आहे, आणि ते घरातल्या बायकांखेरीज फक्त त्या दोन भावांना माहीत आहे.